डिस्नेलँडच्या कुंपणाबाहेर: शेजारावर चालणाऱ्या हॉटेलांचं प्रकरण

१९५३ साली वॉल्ट डिस्नी यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटपुढे एक प्रश्न ठेवला: दक्षिण कॅलिफोर्नियात मनोरंजन पार्क काढायचं, तर ते कुठे काढावं? हॅरिसन प्राइस या विश्लेषकाने वस्ती कुठल्या दिशेला वाढतेय, हमरस्ते कुठून जाणार आहेत, जमीन काय भावाने मिळतेय हे सगळं पडताळलं आणि ऑरेंज काउंटीतल्या अ‍ॅनाहाइमची जागा सुचवली. तिथे तेव्हा संत्र्यांच्या बागा होत्या आणि सांता आना फ्रीवे शेजारून जायचा होता. सुमारे १६० एकर जमीन घेतली गेली. १९५४च्या जुलैत काम सुरू झालं आणि वर्षभरात, १७ जुलै १९५५ला, डिस्नेलँड उघडलं. दहा लाखांचा आकडा गाठायला त्याला दोन महिनेही लागले नाहीत.

हा सगळा अभ्यास पार्कच्या जागेसाठी झाला होता. आसपासच्या हॉटेलांची जागा मात्र कोणी अशी अभ्यासून ठरवली नाही. पार्क कुठे झालं यावरून ती आपोआप ठरली. १९५०च्या जनगणनेत अ‍ॅनाहाइमची लोकसंख्या १४,५५६ होती, १९६०ला ती १,०४,१८४ झाली. ही वाढ एकट्या डिस्नेलँडमुळे झाली नाही, त्या काळात सगळी ऑरेंज काउंटीच फुगत होती. पण हार्बर बुलेव्हार्ड आणि कटेला अ‍ॅव्हेन्यू या दोन रस्त्यांवर एकामागून एक मोटेलं उभी राहिली ती पार्कमुळेच.

पर्यटनाच्या इतर धंद्यांशेजारी असण्याने हॉटेलाचं काय बरं-वाईट होतं, हे पाहायला अ‍ॅनाहाइमइतकं स्वच्छ प्रकरण क्वचित मिळतं. गिऱ्हाईक ओढणारा एकच मोठा धंदा, त्याला स्पष्ट हद्द, हद्दीबाहेर वेगवेगळ्या मालकांची हॉटेलं, आणि सत्तर वर्षांचा काळ. यातून मला जे दिसतं ते आधीच सांगतो. इथे हॉटेलांची कमाई नकाशावरच्या अंतरापेक्षा पाहुण्याच्या येण्याजाण्याच्या वाटेने ठरली, आणि ती वाट हॉटेलवाल्यांच्या मालकीची कधीच नव्हती.

पहिला करार

पार्क उभारताना वॉल्ट डिस्नी यांच्याकडे हॉटेलासाठी पैसा उरला नव्हता. पार्कवरच सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाले होते आणि त्यासाठी एबीसी या टीव्ही कंपनीचा आधार घ्यावा लागला होता. शेवटी जॅक रॅथर या टीव्ही निर्मात्याने हॉटेल बांधायची तयारी दाखवली. डिस्नेलँड हॉटेल ऑक्टोबर १९५५मध्ये उघडलं, तेव्हा त्यात जेमतेम शंभरेक खोल्या होत्या. करारात रॅथर यांना एक गोष्ट मिळाली, जी त्या वेळी फारशी मोलाची वाटली नसेल: डिस्नेलँडचं नाव आपल्या हॉटेलाला वापरण्याचा हक्क. पार्क आणि हॉटेल यांच्यात ट्रॅम धावायची. १९६१मध्ये डिस्नेलँडची मोनोरेल थेट हॉटेलापर्यंत आणली गेली. पार्कातून गाडीत बसायचं आणि हॉटेलात उतरायचं.

हे हॉटेल पार्कच्या पश्चिमेला होतं. हार्बर बुलेव्हार्डवरची कित्येक मोटेलं प्रवेशद्वाराच्या याहून जवळ होती. तरीही नाव आणि मोनोरेल या दोन गोष्टींनी रॅथर यांच्या हॉटेलाला शेजाऱ्यांच्या वर नेऊन बसवलं. पाहुण्याच्या मनात ते पार्कचाच भाग होतं. पुढे डिस्नी कंपनीला ते परत आपल्या हाती हवं झालं, तेव्हा नुसतं हॉटेल घेऊन भागलं नाही. १९८८मध्ये रॅथर यांची अख्खी कंपनी विकत घेतली गेली. सुरुवातीला पैसा कमी पडला म्हणून सोडून दिलेली वाट तेहेतीस वर्षांनी अशी सोडवून घ्यावी लागली.

बाहेरच्या मोटेलांची बाब वेगळी होती. पार्कने गिऱ्हाईक ओढायचं आणि कुंपणाबाहेरच्यांनी ते झेलायचं, हीच त्यांची धंद्याची रीत. नावंही तशीच ठेवली जायची, कुठे परीकथेतलं, कुठे अंतराळयुगातलं, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला पार्कची आठवण होईल. जाहिरातीचा खर्च डिस्नीचा, खोली यांची. वॉल्ट डिस्नी यांना हे डाचत होतं हे सगळ्यांना माहीत आहे. फ्लोरिडात दुसरं पार्क काढायची वेळ आली तेव्हा दुसऱ्याच नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप सुमारे २७,००० एकर जमीन घेतली गेली, आणि नोव्हेंबर १९६५मध्ये बेत अधिकृतपणे जाहीर झाला. १ ऑक्टोबर १९७१ला तिथलं पार्क उघडलं तेव्हा कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेलं कंपनीच्या आपल्याच जमिनीवर तयार होती. १६० एकरांवरून २७,००० एकरांवर उडी मारण्यामागे इतर कारणंही होती, पण कुंपणाबाहेर गेलेला पैसा हे त्यातलं मोठं कारण.

रस्ता ओलांडण्याची किंमत

जवळ असणं म्हणजे काय, हे रात्रीच्या आतषबाजीनंतर हार्बर बुलेव्हार्डवर कळतं. लहान मुलं घेऊन आलेलं कुटुंब सकाळी पार्कात शिरलेलं असतं. रात्री नऊ-साडेनऊला आकाशातला शेवटचा बार विझतो आणि हजारो माणसं एकदम बाहेर पडतात. बाबागाडीत झोपलेलं मूल, हातात पिशव्या, आणि पायांत दिवसभराचं चालणं. ज्यांचं हॉटेल समोरच आहे ती माणसं सिग्नलला रस्ता ओलांडून दहा-पंधरा मिनिटांत खोलीत असतात. ज्यांचं हॉटेल दोन-तीन किलोमीटरवर आहे त्यांना शटल बसची रांग, नाहीतर पार्किंगपर्यंतची ट्रॅम, मग गाडी शोधणं आणि मग कोंडीतून बाहेर पडणं. नकाशावर फरक दोन-तीन किलोमीटरचा, पाहुण्याच्या हिशेबात तो तासाभराचा.

त्याहून मोठा फरक दुपारी पडतो. समोरच्या हॉटेलात उतरलेलं कुटुंब भर उन्हात खोलीवर येऊन मुलांना झोपवतं, जरा पोहतं आणि संध्याकाळी परत पार्कात जातं. लांबच्या हॉटेलातल्या पाहुण्याला हे जमत नाही. म्हणजे समोरचं मोटेल नुसती रात्रीची झोप विकत नाही, ते पार्कचा दिवस दोन भागांत तोडण्याची सोय विकतं. म्हणूनच अगदी साध्या, जुन्या, बाहेरून जिना असलेल्या मोटेललाही तिथे चांगला भाव मिळतो, आणि तशाच खोल्या दोन चौक पुढे गेल्या की भाव उतरतो. इमारत तीच, गादी तीच. फरक फक्त पायवाटेचा.

हे मोजायचं कसं? हॉटेलवाले बहुतेक वेळा किती खोल्या भरल्या एवढंच सांगतात आणि तिथेच फसगत होते. समजा, शंभर खोल्यांच्या एका हॉटेलात रोज ९० खोल्या १०० डॉलरने जातात आणि दुसऱ्यात ७० खोल्या १४० डॉलरने. पहिलं जास्त भरलेलं दिसतं, पण विक्रीला असलेल्या प्रत्येक खोलीमागे त्याला ९० डॉलर मिळतात, दुसऱ्याला ९८. शिवाय दुसऱ्याच्या वीस खोल्यांच्या चादरी धुवाव्या लागल्या नाहीत. धंद्यात प्रत्येक खोलीमागच्या या कमाईला रेव्हपार म्हणतात. प्रवेशद्वारासमोरच्या हॉटेलाला शेजाराने भाव वाढवता येतो. दुसऱ्या फळीतल्या हॉटेलाला शेजार खोल्या भरून देतो, पण भाव कमी ठेवण्याच्या अटीवर. दोघांच्याही पाट्यांवर ‘डिस्नेलँडजवळ’ असंच लिहिलेलं असतं.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. चांगल्या जागेचा फायदा हॉटेल चालवणाऱ्याला मिळतोच असं नाही. १९५०च्या दशकात ज्याने बागेची जमीन स्वस्तात घेऊन मोटेल बांधलं, त्याच्या खिशात पार्कने आणलेली वाढ गेली. त्याच्याकडून चाळीस वर्षांनी तीच जागा घेणाऱ्याने ती वाढ जमिनीच्या किमतीत आधीच मोजून दिलेली असते. त्याचं रेव्हपार रस्त्यावर सर्वांत वरचं असेल, आणि कर्जाचे हप्ते फेडून हातात उरणारं शेजाऱ्याहून कमी असेल. जागेमुळे हॉटेल चांगलं चालतं का आणि जागेमुळे हॉटेलवाल्याला नफा होतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सारखे शेजारी, वेगळे शेजारी

हॉटेलाशेजारी हॉटेल आलं की काय होतं, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. जोएल बॉम आणि हेदर हॅव्हमन यांनी मॅनहटनमधल्या हॉटेलांचा १८९८पासूनचा इतिहास तपासून १९९७मध्ये दाखवलं, की नवी हॉटेलं भावाने सारख्या असलेल्या जुन्या हॉटेलांजवळ जागा धरतात, पण आकाराने मात्र त्यांच्यापेक्षा वेगळी राहतात. विल्बर चुंग आणि आर्टर्स काल्निन्स यांनी २००१मध्ये टेक्सासच्या हॉटेलांबद्दल मांडलं, की परिसरात गिऱ्हाईक आणण्याचं काम मोठी आणि साखळीतली हॉटेलं करतात आणि त्याचा लाभ लहान, स्वतंत्र हॉटेलांना होतो. लिंडा कनिना, कॅथी एन्झ आणि जेफ्री हॅरिसन यांनी २००५मध्ये अमेरिकेतली हजारो हॉटेलं पाहून याची दुसरी बाजू दाखवली: उंची हॉटेलांच्या गर्दीत स्वस्त हॉटेलाचं भलं होतं, पण स्वस्त हॉटेलांची दाटी झाली की उंची हॉटेलाची कमाई घसरते.

अ‍ॅनाहाइमला हे लावून पाहिलं तर हार्बरवरच्या जुन्या मोटेलांची अडचण कळते. ती एकमेकांसारखी होती. खोल्या तेवढ्याच, तलाव तसाच, गिऱ्हाईक तेच, म्हणजे गाडीने आलेलं कुटुंब. उन्हाळ्यात सगळीच भरायची, आणि शाळा सुरू झाल्या की सगळीच एकदम रिकामी व्हायची. मंदीत सारख्या मालाला भाव पाडण्याखेरीज दुसरा उपाय राहत नाही. त्यात पार्कच्या वेळापत्रकाची भर. १९८५पर्यंत मंदीच्या हंगामात डिस्नेलँड सोमवारी आणि मंगळवारी बंद असायचं. ज्याच्या जिवावर हॉटेल चालतं त्यानेच दार लावलं, तर मंगळवारच्या रात्री खोली कोणाला द्यायची?

यातून सुटका झाली ती वेगळ्या प्रकारचा शेजार आल्याने. १९६६मध्ये अ‍ॅनाहाइम स्टेडियम उघडलं आणि १९६७मध्ये, कटेला अ‍ॅव्हेन्यूच्या पलीकडे, अ‍ॅनाहाइम कन्व्हेन्शन सेंटर. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तो हाच. अधिवेशनाला येणारा माणूस आठवड्याच्या मधल्या दिवसांत येतो, शाळेच्या सुट्ट्या बघत नाही, एकटा खोली घेतो आणि भाडं बहुधा त्याची कंपनी भरते. पार्क ज्या दिवसांत खोल्या रिकाम्या ठेवतं, नेमके तेच दिवस कन्व्हेन्शन सेंटर भरतं. पुढे सेंटरला लागूनच मोठी हॉटेलं आली. १९८४मध्ये उघडलेल्या हिल्टनमध्ये दीड हजारांवर खोल्या आहेत. एवढ्या खोल्या एका जागी असल्याशिवाय मोठी अधिवेशनं येतच नाहीत. त्या हॉटेलांत न मावलेला किंवा तिथलं भाडं न परवडणारा पाहुणा शेजारच्या लहान हॉटेलांकडे वळतो. टेक्सासच्या अभ्यासात जे दिसलं, त्याचंच हे एक रूप.

सारखा शेजारी गिऱ्हाईक वाटून घेतो. वेगळा शेजारी गिऱ्हाईकाचे दिवस वाढवतो. बुएना पार्कमधलं नॉट्स बेरी फार्म इथून दहा-अकरा किलोमीटरवर आहे. पार्क म्हणून ते डिस्नेलँडचा स्पर्धक, पण हॉटेलवाल्याच्या दृष्टीने मित्र, कारण ते पाहायचं तर पाहुण्याला आणखी एक रात्र काढावी लागते.

माणसं किती, रात्री किती

डिस्नेलँडला गर्दी कधीच कमी नव्हती. पण चार-पाच दशकं तिथे पाहायला एकच पार्क होतं आणि येणाऱ्यांत दक्षिण कॅलिफोर्नियातल्याच माणसांचं प्रमाण मोठं होतं. सकाळी गाडीने यायचं, रात्री घरी. तिकीट खिडकीला याने काही बिघडत नाही, हॉटेलाला मात्र सगळं बिघडतं. फ्लोरिडात १९८९पर्यंत डिस्नीची तीन पार्कं झाली होती आणि लोक आठवडाभर मुक्कामाला जात होते. अ‍ॅनाहाइममध्ये दुसरं पार्क, डिस्ने कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर, ८ फेब्रुवारी २००१ला उघडलं. पर्यटनस्थळाला किती लोक भेट देतात हा आकडा दाखवून जो कोणी हॉटेलाची जागा विकायला येईल, त्याला त्यातले किती लोक रात्री राहतात हे विचारलं पाहिजे.

पण त्या दुसऱ्या पार्कबरोबरच डाउनटाउन डिस्नी हा खरेदी-जेवणाचा भाग आणि ग्रँड कॅलिफोर्नियन हे उंची हॉटेलही आलं, आणि त्या हॉटेलातून पार्कात शिरायला स्वतंत्र दार आहे. रात्री वाढल्या खऱ्या, पण त्यांतल्या सर्वांत महागड्या रात्री कुंपणाच्या आत गेल्या. बाहेरच्या हॉटेलांना त्या वेळी खूप काही मिळालं, हे मात्र विसरता येत नाही. १९९०पर्यंत हार्बर म्हणजे पाट्यांची झुंबड झाली होती. प्रत्येकाची पाटी शेजाऱ्याच्या पाटीहून उंच, म्हणून कोणाचीच धड दिसत नव्हती. एकट्याने पाटी उतरवली तर नुकसान त्याचंच. हे काम शहरालाच करावं लागलं. १९९४च्या आराखड्याने पाट्या खाली आणल्या आणि रस्त्यांना झाडं दिली. १९९७मध्ये शहराने अशा कामांसाठी ५१ कोटी डॉलरचे रोखे काढले. ते फेडायला हॉटेलांवरचा करही होता: हॉटेलात राहणाऱ्याकडून शहर खोलीभाड्यावर १५ टक्के कर घेतं. रस्ता सुधारला, तो कर जिथे गोळा होतो त्या सगळ्याच हॉटेलांसाठी.

पुलाचा वाद

वाट कोणाची, हा प्रश्न सर्वांत उघडपणे पुढे आला तो २०१६-१७मध्ये. डिस्नीने पार्कच्या पूर्वेला मोठं बहुमजली पार्किंग आणि तिथून हार्बर बुलेव्हार्डवरून जाणारा पादचारी पूल मांडला. गर्दीचा विचार केला तर बेत योग्य होता. समोरच्या हॉटेल आणि दुकानवाल्यांनी मात्र जोरदार हरकत घेतली. त्यांची भीती अशी: माणसं पुलावरून आपल्या डोक्यावरून जातील आणि जिथून ती आज चालत जातात ते दार मागे पडेल. नकाशावर त्यांचं हॉटेल एक इंचही सरकणार नव्हतं. पण वाट सरकली असती तर जागेचा अर्थच बदलला असता, आणि ही भीती मला अगदी रास्त वाटते. ऑक्टोबर २०१७मध्ये डिस्नीने तो बेत बाजूला ठेवला आणि पार्किंग पश्चिमेला बांधलं. ते २०१९मध्ये सुरू झालं. त्याआधी, २०१८मध्ये, कर-सवलतीवरून शहराशी बिनसल्यावर, सातशे खोल्यांच्या नव्या उंची हॉटेलाचा बेतही कंपनीने सोडला.

मग मार्च २०२० आला. १४ मार्चला डिस्नेलँड बंद झालं ते थेट ३० एप्रिल २०२१ला उघडलं. तेरा महिन्यांहून जास्त. अधिवेशनंही थांबली. दोन वेगळे शेजारी एकमेकांची पोकळी भरून काढतात, हे गणित एरवी बरोबर होतं. पण माणसांनी एकत्र येणंच थांबलं तेव्हा दोन्ही शेजारी एकदम गेले. समुद्रकाठच्या हॉटेलाला किनारा तरी होता. हार्बरवरच्या हॉटेलाला पार्कशिवाय दाखवण्यासारखं काही नव्हतं. अशा ठिकाणी हॉटेल घेणाऱ्याने कर्जाची ऐपत ठरवताना पार्क वर्षभर बंद राहिलं तर हप्ते कुठून जातील, हे मांडून पाहायला हवं. आता ही कल्पनेतली शक्यता राहिलेली नाही.

मे २०२४मध्ये अ‍ॅनाहाइमच्या नगर परिषदेने डिस्नेलँडफॉरवर्ड या योजनेला मंजुरी दिली. डिस्नीला आपल्याच पार्किंगच्या जागांवर नवी आकर्षणं, दुकानं आणि हॉटेलं मिसळून बांधायची मुभा मिळाली, आणि बदल्यात दहा वर्षांत किमान १९० कोटी डॉलर गुंतवण्याचं बंधन आलं. हार्बरवरच्या मालकाला यात दोन्ही गोष्टी आहेत. नवी आकर्षणं आली की मुक्काम लांबेल. पण आकर्षणाच्या आतच हॉटेल असेल तर दुपारी झोपायला परत येण्याची जी सोय तो साठ-सत्तर वर्षं विकत आला, तीच सोय कुंपणाच्या आत, रस्ता न ओलांडता मिळू लागेल. त्याच मंजुरीत शहराने मॅजिक वे हा सार्वजनिक रस्ता, आणखी काही रस्त्यांच्या भागांसह, ४ कोटी डॉलरना डिस्नीला विकायचं ठरवलं.